पाइपवरची चार बोटे

पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या कचेरीतला उर्दू कारभार हळूहळू मराठीत आला. वडील तिथे कारकून होते. त्यांचे हैदराबादचे साहेब नोकरी सोडून निघाले, तेव्हा त्यांनी वडिलांना तंबाखू ओढायचा एक कोरा पाइप दिला. तुर्कस्तानातल्या मिअरशॉम नावाच्या पांढऱ्या दगडाचा, खडूसारखा हलका. या दगडावर मेण चढवलेले असते. ओढताना वाटी तापते, मेण आणि तंबाखूचा अर्क दगडात मुरतात आणि तो आधी पिवळसर, मग मधासारखा, शेवटी तपकिरी होतो. साहेब एवढेच म्हणाले, "जल्दी का काम नहीं है. तुमसे होगा नहीं."

वडिलांनी तो एकसारखा रंगवायचाच ठरवले. जेवणानंतर एकदा भरत, सावकाश ओढत. वाटीला बोट लावत नसत, कारण गरम मेणावर ते उमटते. इतकी निगा एकाही लेकराची केली नाही, असे आई म्हणे. काही महिन्यांनी बुडाशी मधाचा रंग दिसू लागला.

त्या उन्हाळ्यात आम्ही करमाडला थोरल्या काकांकडे गेलो. वडील ओट्यावर पाइप ओढत होते, काका बैलगाडीच्या आसाला वंगण घालत होते. गावात पेटलेली तंबाखू एकट्याने ओढत नाहीत. चिलीम फिरते, आणि थोरल्या भावाने हात पुढे केला की ती द्यावीच लागते. काकांनी हात पुढे केला. वडिलांनी दांडी पुढे केली, पण काकांनी सवयीने वाटीच मुठीत आवळली आणि गाल आत जाईपर्यंत झुरका मारला.

"दादा, दांडीला धर."

"चिलीम हाय का नवी नवरी? लई नाजूक झालास रं शहरात."

वडिलांनी दांडी धरून पाइप परत घेतला.

वाटीवर चार बोटे काळी उमटली होती. वंगण मेणाबरोबर आत गेले होते, पुसून निघेना. आईने राखेने घासायला सुचवले. वडील नको म्हणाले; घासले तर आलेला रंगही गेला असता. बोटे फिकी होणार नसतील, तर बाकीची वाटी त्यांच्याइतकी गडद करायची, असे त्यांनी ठरवले. तरीही तंबाखू वाढवली नाही. पुढच्या भेटीत काकांनी ते डाग पाहिले. त्यानंतर त्यांनी पाइप कधी मागितला नाही.

मी वर्तमानपत्रात नोकरीला लागलो तरी बोटे दिसत होती. आधी करंगळी मिसळून गेली. बाकीच्या तिन्ही बोटांना आणखी काही वर्षे लागली.

पुढे काका दवाखान्यासाठी शहरात आले आणि आमच्याकडे उतरले. तोवर पाइप काकवीच्या रंगाचा झाला होता. वडिलांच्या हातातल्या वाटीकडे ते वाकून बघत राहिले.

"माझी बोटं कुठं गेली रं?"

"तिथंच हायेत, दादा. बाकीचा पाइप तिथवर आणला."

काकांनी हात धोतराला पुसला आणि पाइप मागितला. घेताना दांडीला धरला.