हिरव्या बांगड्यांचं खोकं

धाकट्या बहिणीला, कमलला, सातवा महिना लागला, म्हणून खामगावहून लोणारला मी एकटीच निघाले. सोबत हिरव्या बांगड्यांचं खोकं. मागच्या वेळी तिचं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. आईनं बजावलं, "एकही वाढू देऊ नको." बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

एस.टी.त चढताच कंडक्टरनं हात पुढे केला. "खोकं द्या, वर टपावर ठेवतो."

"नको भाऊ, ते…" पुढचा शब्द तोंडातून निघेना.

"काऊन? सोनं हाय काय त्यात?" सगळे हसले.

खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर इंग्रजीत काही छापलेलं होतं. मागच्या बाकावरच्या मास्तरांनी वाचलं, "फ्रॅजाइल. म्हंजे हे फु…"

"म्हणू नका मास्तर!"

एवढ्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. मग हळूच सांगितलं, "बहिणीच्या बांगड्या हायेत. सातवा हाय तिले."

कंडक्टरचा आवाज उतरला. "मंग मांडीवरच असू द्या, ताई." आणि ड्रायव्हरला ओरडला, "गड्डे पाहून हाण बे!"

दोन्ही बाजूंना कपाशी फुलली होती. मेहकरला गाडी थांबली, तेव्हा मास्तरांनी गरम भजी पुढे केली.

"नाजूक वस्तूले फ्रॅजाइल म्हणतात, नाजूक माणसाले डेलिकेट, अन् ज्याले कोनीबी इजा करू शकते, त्याले व्हल्नरेबल. इंग्रजीत आधीच सांगून ठेवतात."

"अन् बोलल्यानंच तसं झालं तं?"

"न बोलल्यानं खोकं टपावर जाऊन राह्यलं होतं ना!"

मला हसू आवरेना.

लोणारला कमलची सासू मला आधी सरोवराच्या कड्यावर घेऊन गेली. खोल खाली हिरवं पाणी, अगदी बांगड्यांच्या रंगाचं. घरी खोकं उघडलं. सगळ्या शाबूत! कमलनं हात भरून वाजवून दाखवले. मास्तरांचं बोलणं सांगितलं, तर सासूबाईंनी खोक्यावरचा तो कागद सोडवून घेतला. दुपारी कमल हंडा उचलायला वाकली, तशा त्या कडाडल्या, "ठेव तो! फ्रॅजाइल हायेस तू!"

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर भेटला. खोक्यात आता सासूबाईंनी दिलेल्या चिंचा होत्या.

"आज टपावर?"

"फेका खुशाल!"

काल पत्र आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तो इंग्रजी कागद सासूबाईंनी पाळण्याच्या दोरीला बांधलाय. आपल्याकडे अशा वेळी बोलत नाहीत, तिकडे इंग्रजीत छापून ठेवतात. जीव मात्र दोन्हीकडे सारखाच घाबरतो. पुढच्या महिन्यात बाळंतविडा घेऊन जायचंय. या वेळी खोक्यात काय आहे ते कंडक्टरला मीच आधी सांगेन.