कुलूप लावलेली अळी

मी मूळचाच संशयी. शाळेत उत्तरपत्रिका तपासून तो स्वभाव आणखी पक्का झाला. निवृत्तीनंतर हॉकमॉथ या जाडजूड, वेगाने उडणाऱ्या पतंगांचा नाद लागला, तिथे मात्र संशय कामाला आला. यांच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून अळी डब्यात वाढवून पतंग बाहेर आल्याशिवाय वहीत जात लिहायची नाही, हा माझा नियम.

पनवेलला आमच्या दारावर एक मावशी अळूच्या जुड्या घेऊन यायच्या. उरणकडच्या, अळू त्यांच्या परसातला. एकदा त्यांनी पानावरची हिरवीगार अळी आणून दिली, शेपटीवर शिंग असलेली. डबा जिन्यातच होता. मी सकाळी फिरायला गेलेला असलो की त्याच ताजं पान घालून जायच्या. पाचव्या दिवशी बघतो तर आत तपकिरी अळी.

माझं डोकंच फिरलं. हिरवी मेली, म्हणून यांनी गुपचूप दुसरी ठेवली, असं मी ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवशी तोंडावर तसं बोललोही.

“मी नाय बदलली, मास्तर. मोठी झाली का ती तशीच होते. आमी दरवर्साला बघतो.”

मी वहीत ‘नमुना अविश्वसनीय’ असं लिहिलं आणि अळी खालच्या झुडपात सोडून दिली. मावशी यायच्या बंद झाल्या.

पुढच्या पावसाळ्यात माझ्याच कुंडीतल्या अळूवर तशीच हिरवी अळी सापडली. या वेळी डब्याला कुलूप, किल्ली खिशात. पान मीच घालायचो. एका सकाळी कुलूप काढलं. शेजारी टाकलेली जुनी कात, आणि अळी तपकिरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे रुपेरी रेघांचा पतंग बाहेर आला, जात पक्की झाली. मी वहीतला तो जुना शेरा खोडला.

मावशी बाजारात सापडल्या. चूक माझीच होती, असं मी सांगितलं. मी एक जुडी मागितली, तर त्यांनी तिचा दोरा सोडला आणि गिऱ्हाइकांसमोर एकेक पान उलटंसुलटं करून मला दाखवायला लागल्या.

“नीट बघून घ्या, मास्तर. मागून बोलाल, बदलली.”

शेवटच्या पानामागे हिरवी अळी होती. ते पान तेवढं त्यांनी परत आपल्या टोपलीत ठेवलं.