शेवटची अंघोळ

फिलेरोस रोमच्या टांकसाळीतला गुलाम. सोन्याच्या चकत्या कानशीने घासून तो नेमक्या वजनाला आणायचा, मग त्यांवर सम्राटाचा चेहरा ठोकला जायचा. त्यातच त्याची हयात झिजली. कामावरून सुटताना मुकादम रुफियो त्याची नखं कोरून घ्यायचा, अंगरखा झटकून घ्यायचा. सोन्याचा कण बाहेर जाता कामा नये. बायको मूसा खिजवायची, "दिवसभर सोन्यात लोळतोस, आणि घरी आणतोस काय, तर खोकला!"

त्याच खोकल्याने एका सकाळी तो कामावरच कोसळला आणि गेला.

मूसा प्रेत न्यायला आली, तेव्हा रुफियो त्याला परातीत बसवून अंघोळ घालत होता. केस, कान, बोटांच्या बेचक्यासुद्धा तो हळुवार चोळत होता. मूसाला भरून आलं.

"जन्मभर शिव्या घातल्यात, दादा. पण शेवटी माणुसकी दाखवलीत."

परातीतलं गढूळ पाणी रुफियो फडक्यातून गाळू लागला होता.

"ने आता त्याला," तो म्हणाला. "अंगरखा मात्र मागू नकोस. तो जाळून राख धुवायचीय."