आवाज न होता उघडलेलं दार

सगळा बाजार त्यांना फुंकरमास्तर म्हणायचा. बंद कुलपावर मास्तरांनी नुसती फुंकर मारली की ते आपलं आपण उघडतं, अशी ख्याती. खरं म्हणजे ती फुंकर चावीच्या भोकातली धूळ उडवण्यासाठी असे. पण लोकांना जादू हवी असते, आणि मास्तरही ती नाकारत नसत. जिन्याखालचं त्यांचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं. मागे पडदा, पडद्यामागे शेगडी, शेगडीपाशी बायको. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "जगाची कुलपं उघडतात हो, स्वतःच्या तोंडाचं तेवढं जमत नाही यांना."

मास्तरांची कामाची एक शिस्त होती. कुलूप तोडायचं नाही, दारावर ओरखडा उठू द्यायचा नाही आणि आवाज करायचा नाही. चावी हरवलेल्याची आधीच फजिती झालेली असते, शेजाऱ्यांना आणखी तमाशा कशाला, असं ते म्हणत.

हे ऐकूनच वकीलबाई त्यांच्याकडे आल्या. साध्या कपड्यांतली माणसं कुणाला तरी उचलून नेतात आणि कुठे ठेवलंय ते घरच्यांना सांगत नाहीत, अशांचे खटले बाई चालवत. हसत म्हणाल्या, "काका, असं कुलूप द्या, की दार उघडायच्या आत माझा एक फोन झाला पाहिजे."

मास्तरांनी दुकानातलं सगळ्यात हट्टी कुलूप काढलं, स्वतः जाऊन बसवलं, बिजागऱ्यांना तेल दिलं. बाई आणि त्यांचे म्हातारे वडील, दोघांचंच घर. वडिलांनी चहा केला. निघताना मास्तर छाती फुगवून म्हणाले, "माझ्याशिवाय हे कुणाला उघडायचं नाही. फोन काय, जेवण होईल तुमचं."

पुढे एका दुपारी दुकानासमोर जीप थांबली. सरकारी काम आहे, एक दार उघडायचंय, एवढंच साहेबाने सांगितलं. कुणाचं, ते मास्तरांनी विचारलं नाही. जिना चढताना कठडा ओळखीचा वाटला, आणि दारापाशी स्वतःच्याच हाताने बसवलेलं कुलूप समोर आलं.

वेळ काढणं त्यांच्या हातात होतं. हत्यार जिन्यावरून घरंगळलं असतं. खोकल्याची उबळ आली असती. तसं करावं असं त्यांच्या मनात आलंही. पण साहेब हलक्या आवाजात म्हणाला, "जमत नसेल तर सांगा, दुसरा बोलावतो."

उभ्या आयुष्यात मास्तरांना असं कुणी बोललं नव्हतं. "हे बसवलंय कुणी, माहीत आहे का?" ते म्हणाले, आणि हात चालायला लागले. आतल्या खिट्ट्या एकेक करून सरकल्या. लोण्यातून सुरी फिरावी तसं दार उघडलं.

बाई टेबलाशी वाचत बसल्या होत्या. फोन पलीकडे खिडकीत चार्जिंगला होता. साहेबाकडे त्यांनी पाहिलंच नाही. मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "काका, तुम्ही?"

आतल्या खोलीत वडील झोपले होते. मांजर चाललं तरी जागा होणारा माणूस. त्यांना जाग आली नाही.

मुलीला समोर आणा म्हणून वडिलांनी कोर्टात अर्ज केला. सरकारने सांगितलं, बाई आमच्याकडे नाहीतच. कुलूप शाबूत, दारावर ओरखडा नाही, घरातल्या माणसाने आवाज ऐकला नाही. तेव्हा त्या आपल्या पायांनी कुठेतरी निघून गेल्या असणार.

मग एक दिवस वडील दुकानात आले. हातात तेच कुलूप, फडक्यात गुंडाळलेलं. कोर्टात दाखवायला काढून घेतलं होतं. त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं, "मास्तर, न तोडता हे बाहेरून उघडता येतं का हो?"

मास्तर कानशीत अडकलेला कीस काढत राहिले. म्हणाले, "नाही येत."

वडिलांनी कुलूप पुन्हा गुंडाळलं, आभार मानले आणि रस्ता ओलांडून गेले. त्या दुपारी जीप कुठे गेली होती ते बायकोला माहीत होतं. नवरा अन्नाला शिवेनासा झाला तेव्हाच तिने ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं. ती पडद्याबाहेर आली. नेहमीचा टोमणा मारला नाही. "त्यांनी आभार मानले तुमचे," एवढंच म्हणाली.

तारखेच्या दिवशी मास्तर कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, दार मी उघडलं. सरकारी वकिलाला हसू आलं. असं कुणीही येऊन म्हणेल, करून दाखवा, तो म्हणाला. कुलूप पुढे ठेवलं गेलं. मास्तरांचं हत्यार भोकात जाईना. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. शेवटी त्यांनी डोळे मिटले, फुंकर मारली. सगळं कोर्ट कान देऊन बसलं होतं.

"कधी उघडणार?" न्यायाधीशांनी विचारलं.

मास्तरांनी उघडलेलं कुलूप वर धरलं. वडील पहिल्या बाकावरून बघत होते, कुलपाकडे नाही, मास्तरांच्या हातांकडे.

बाईंना कोर्टापुढे हजर करा, असा हुकूम झाला. सरकारने मुदत मागून घेतली. जीप आता बऱ्याचदा दुकानासमोर उभी असते, आणि गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याकडे जातात.

कोर्टाकडून कुलूप परत मिळाल्यावर वडिलांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी ते पुन्हा दाराला बसवलं. मुलगी अजून परतली नव्हती. चहाचं आधण ठेवलं गेलं नाही. काम आटोपून ते पिशवी उचलणार, तोच वडिलांनी दार उघडझाप करून पाहिलं आणि म्हणाले, "ते तेल काढा बिजागऱ्यांचं. करकरू दे."

मास्तर खाली बसले आणि चिंधीने स्वतःच घातलेलं तेल पुसू लागले. वडील डोक्यापाशी उभे राहून बोटाने दाखवत होते, "इथे राहिलंय अजून."