वरचा वर्ग

पनवेलच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका ताईंनी मला वाचवलं. त्यांचं नाव मी घाबरून विचारलंच नाही.

मी आठवीत शाळा सोडली आणि नांदेडहून इकडे आलो. कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज टाइप करतो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमचा हा कॉम्प्युटरचा डबा जुना झाला. सिस्टिम बदला, नाहीतर बंद पडेल." पण बदलल्यावर जुना मराठी फॉन्ट चालला नाही तर? माझ्या बोटांना तेवढा एकच येतो. तो गेला की पोट गेलं. मग मी डबा टॉवेलात गुंडाळून, ताप आलेलं पोर न्यावं तसा ताईंकडे नेला.

त्यांनी खरंच त्याच्यावर तळहात ठेवला. "नेट लावतोस काय?"

"नाही."

"मंग जुन्या सिस्टिमला धोका नाय. कशाला वरच्या वर्गात ढकलतोस? तिथं त्याला झेपायचा नाय. हाय त्या वर्गात हुशार हाय तो. अर्ज तेवढे पेनड्राइव्हवर काढून ठेव."

मी खूश. "ताई, माझंही तसंच आहे."

"तुजा नाय सांगत मी! तू दुपारचा इथं ये, नवीन टायपिंग शीक."

आता रोज जातो. ओळीत सात चुका होतात. नाव अजून विचारलेलं नाही. कधीतरी त्यांना अर्ज लागेल, तो मी नव्या टायपिंगमध्ये बिनचूक करून देईन. नाव तेव्हा कळेलच.