वालूर ते मानवत, करवतीच्या दुसऱ्या टोकासाठी

लग्नानंतर आमचा पहिला प्रवास देवदर्शनाचा नव्हता, हत्यारं आणायचा होता. वालूर ते मानवत, जाऊन येऊन तीन दिवस. खरं तर बेत एकाच दिवसाचा होता. तो फसला, आणि फसला म्हणूनच आमचं भलं झालं. आमचा परभणी जिल्हा मुंबई राज्यात जायच्या आधीचा, हैदराबाद राज्यातला तो शेवटचा उन्हाळा. मी वहीत लिहिते आणि नातसून ब्लॉगवर चढवते, तेव्हा अक्षराच्या चुका माझ्या आणि बाकीच्या तिच्या.

मालक सुतार. (नवऱ्याचं नाव तोंडी घेतलं नाही ते आता सत्त्याऐंशीव्या वर्षी काय घेऊ? मालकच म्हणते.) भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घर, भांडी, गुरं सगळं दोन ठिकाणी झालं, हत्यारं तेवढी झाली नाहीत. आमच्यात बापाच्या हत्यारांचा संच फोडत नाहीत, तो आख्खा थोरल्याकडं जातो. रीत रीतीच्या जागी बरी, पण धाकट्यानं काय नखांनी लाकूड तासायचं? मालक रोज सकाळी थोरल्या भावजींच्या अंगणातून हत्यारं आणायचे आणि दिवस मावळायच्या आत परत नेऊन द्यायचे. भावजी एकेक उचलून, धार बघून ठेवून घ्यायचे. ती खणखण मला भिंतीपलीकडून ऐकू यायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

चैत्रात गावातले पाच-सहा शेतकरी तिफणी सांगायला आले. पेरणीची तिफण म्हणजे सुताराची परीक्षाच. त्यातल्या एकानं मालकांना सरळच विचारलं, "मिस्तरी, मिरगाच्या आत पायजेत बगा. पर हत्यारं तुमची सोताची हायेत का? भावानं मदीच वापस मागितली तर आमी पेरायचं कशानं?"

मालकांनी मान खाली घातली. तो गेल्यावर मला म्हणाले, "मानवतला जिनिंगात हमाली मिळतीया म्हनं. जातो तिकडं. रोज भावापुढं हात पसरायला नको."

रंधा धरणारा हात कापसाचे गठ्ठे उचलणार! मला ते सोसवेना. फडताळात माझं पैशांचं गाठोडं होतं, माहेरचं आणि शेंगा फोडून जमवलेलं. ते पुढं ठेवून म्हटलं, "मानवतलाच जायाचं ना? मग हत्यारं घ्यायलाच जाऊ की."

"आन लोखंड कच्चं निगालं तर?"

"मग जावा हमालीला."

गाठोडं एकदाच पुरणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी सोबत का गेले, असं नातसून विचारते. मोठं लाकूड चिरायच्या करवतीला दोन टोकं असतात आणि आमच्या घरी दुसरं टोक माझ्या हातात असायचं, म्हणून. शिवाय गाठोडं माझं होतं!

शुक्रवार निवडला. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत. म्हणून आदला दिवस. पहाटे सेलूच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीत जागा मिळाली. आज वालूरहून सेलूला जायला डांबरी सडक आहे, गाणी ऐकत जाता. तेव्हा काळ्या रानातली गाडीवाट होती, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडलेल्या, आणि दर भेगेला चाक विचारपूस करत जायचं. सेलूला पोचेपर्यंत पाठ मोडली. स्टेशनवर बाभळीखाली भाकरी सोडली, सोबत कारळाची चटणी आणि कांदा. मालकांनी हॉटेलातून सुशीला आणला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा आमच्याकडचा नाश्ता सेलूला गेलात तर आजही खा, वर लिंबू पिळून.

गाडी उशिरा आली, तेव्हाही यायचीच. मानवत रोडला उतरलो. नवख्यांनी ध्यानात ठेवावं, स्टेशन गावापासून लांब आहे. आम्ही टांगा केला. मी टांग्यात पहिल्यांदाच बसले होते, आणि मागं तोंड करून बसल्यामुळं मानवत मला येताना दिसलंच नाही. आधी सरकीचा वास आला, मग रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकलेला कापूस दिसला. मालक जिनिंगच्या धुराड्याकडं बघत होते. मी मुद्दाम त्यांना दुसरीकडचं काहीबाही दाखवत राहिले.

सुताराची हत्यारं एकाच दुकानात मिळायची, एका म्हाताऱ्या मुसलमान दुकानदाराकडं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. दुकानापुढं उभे राहिलो तर दाराला कुलूप! शेजारच्या दुकानदाराला विचारलं तर तो हसला. हसं व्हावं असंच होतं. माझी मावशी मानवतला दिलेली, तिच्या घरी गेलो तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं येडे, जुम्म्याला चाचा दुकान उघडत नसतेत. आख्ख्या मानवतला ठाव हाय!"

शनिवार टाळायचा म्हणून आम्ही नेमका शुक्रवार धरला होता. आपल्याच वारांचा हिशेब मांडून निघालं की असं होतं. मावशीनं वरणफळं केली होती, पण मालकांनी अर्ध्यातच हात धुतला.

शनिवारी सकाळी मी म्हटलं, "घेऊन टाकू. शनीला तेल वाहू आन काय."

"न्हाई. ह्या हत्यारांवर जल्म काढायचाय. सुरवात तशी न्हाई करायची."

माझा राग अनावर झाला. मग तेच म्हणाले, "घ्यायचं न्हाई. बगायला शनीची कुठं बंदी हाय?"

चाचा दुकान उघडून बसले होते. मेंदी लावलेली दाढी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा.

"क्या होना, मिस्तरी?"

"सगळंच पायजे, चाचा. पर आज न्हाई."

"आज नक्को, तो आज आये काइकू?"

मालकांनी सगळी हकिकत सांगितली. चाचा पोट धरून हसले. "कल मेरा जुम्मा, आज तुमारा सनीचर. बीच में लोहा बेचारा काँ जाना?" मग गादीवर जागा करून दिली. "देखो. दिनभर देखो."

माझी नजर एका पटाशीवर खिळली. पितळी कडी, तांबूस वार्निशची मूठ, पात्यावर इंग्रजी अक्षरं, आणि आरशासारखं चमकणारं पातं. शेजारी पडलेली दुसरी काळीकुट्ट होती, बिनमुठीची. मी चमकणारी उचलून मालकांच्या हातात दिली. त्यांनी पात्याऐवजी मूठच बघितली. "मूठ सुतारानं सोताची बसवायची असती. दुकानदाराच्या मुठीचं मी काय करू?"

"मग मूठ काढून टाका."

हत्यारं घ्यायला जाणार असाल तर मालकांची पद्धत सांगते. पातं दोऱ्याला टांगून किल्लीनं ठोकायचं. पाणी चांगलं दिलेलं असेल तर आवाज लांबवर जातो, कच्चं असेल तर जागीच बसतो. वाकस, म्हणजे तासायचं आडवं हत्यार, अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायची. घसरली तर धार नाही. गुण्यानं फळीवर रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी पुन्हा मारायची. दोन रेघा एकावर एक बसल्या तरच काटकोन खरा. हे सगळं मालकांनी केलं. पटाशा मात्र दोन्ही सारख्याच वाजल्या.

"कान कू कित्ता पूछते?" चाचा म्हणाले. "लकडी कू पूछो. मेरा दरवाजा महिने से अटकता. वो बनाओ, जो होना वो औजार लेको."

चाचांचंच लोखंड, चाचांचंच दार. शनीला बोलायला जागा नव्हती. मालक कामाला बसले. दार उतरवलं, चौकटीत बाभळीचा नवा तुकडा बसवायला घेतला. त्यांनी दोन्ही पटाशा आलटून पालटून चालवल्या. बाभूळ म्हणजे लाकडातली सासूच, कुणाचं काही चालू देत नाही. मावशीनं पाठवलेलं कैरीचं पन्हं येईपर्यंत माझ्या लाडक्या पटाशीची धार दुमडली होती. काळीनं तोवर दोन खाचा पाडल्या होत्या आणि तिच्या धारेवर अजून नख टेकत होतं.

मालकांनी नुसती पटाशी माझ्यापुढं धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवारी दुकान उघडं असतं तर मी हट्टानं तीच घ्यायला लावली असती, आणि गाठोडं माझं म्हणून त्यांनी ऐकलंही असतं.

मग करवत निघाली. चाचांनी आतून एक लांबलचक, निळसर पात्याची आणली. मालकांनी ती वाकवली, सोडली, ती सरळ होऊन गायल्यासारखी वाजली. मालकांचा चेहराच बदलला. "हीच," ते म्हणाले.

"तो कल आके ले जाना."

मालक थांबले. "आदी दुसऱ्या टोकाला इचारतो की."

चाचांना कळेना. मालकांनी माझ्याकडं बोट केलं. मी पदर खोचला. दुकानामागं अंगणात बाभळीचा ओंडका होता. आम्ही समोरासमोर बसलो. बाई करवत ओढते आहे म्हणून रस्त्यावरची चार माणसं डोकावायला लागली. पंधरा-वीस हात मारले आणि मी थांबले.

"ही नको."

"का? दमलीस का?"

"दमली न्हाई. तुमच्याकडं जाताना कापायलीय, माज्याकडं येताना नुस्ती घसरायलीय. भुसा बगा, कोणत्या अंगाला पडलाय."

चाचा चष्मा सावरत वाकले. सगळा भुसा मालकांच्या बाजूला पडला होता. करवतीचे दात एकाच अंगाला कललेले होते. माझी ओढ निव्वळ फुकट जात होती, आणि मालकांना ते त्यांच्या टोकाकडून कळायचं कारणच नव्हतं.

चाचा आत गेले, बराच वेळ खुडबुड करून दुसरी घेऊन आले. हिच्यावर गंज होता, वाजायला साधीच, पण दात उभे. चार हात मारले आणि भुसा दोन्हीकडं पडायला लागला. मी मालकांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. लोकांसमोर होतो म्हणून हसलो नाही एवढंच.

"इत्ते बरस हो गए बेचते बेचते," चाचा म्हणाले, "दूसरे सिरे कू कोई पूछाच नैं."

रविवारी दुकान उघडताच आमची बोहनी झाली. वाकस, रंध्याचं पातं, काळी पटाशी, हातोडी, गुण्या आणि ती गंजकी करवत. भाव मला आठवत नाहीत. तिकिटापुरतं उरलं एवढं आठवतं. दाराची मजुरी म्हणून चाचांनी एक कानस वर दिली, नको म्हटलं तरी. परतीच्या गाडीत करवत बाकाखाली मावेना, तेव्हा दोघांच्या मांड्यांवर आडवी घेऊन बसलो. सेलूहून वालूरला चालत निघालो. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय घेऊन यायलाव?" मालकांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की मीच दचकले.

घरी आल्यावर मालकांनी बाभळीच्या मुठी केल्या. करवतीच्या माझ्या टोकाची मूठ माझ्या हाताच्या मापानं बारीक केली. हळदकुंकू वाहिलं. तिफणी मृगाच्या आत झाल्या, आणि जिनिंगचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

त्या प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर वाकस झिजून संपली, पटाशी नातवाच्या पेटीत आहे, करवत माझ्या खोलीत भिंतीवर आहे. चाचांचं दुकान आता नाही. पण मला सगळ्यात जपून ठेवावीशी वाटते ती त्याच पावसाळ्यातली एक संध्याकाळ.

भावजी आमच्या दारात आले. वाटणीनंतर पहिल्यांदाच. कडुलिंबाचा मोठा ओंडका चिरायचा होता आणि त्यांच्या करवतीचं पातं मधोमध चिरलं होतं. उंबऱ्याबाहेरच उभं राहून, भलतीकडं बघत मालकांना म्हणाले, "करवत दोन दिस देतूस का?"

मालक रंधा मारायचे थांबले. मला वाटलं, आता बोलणार, दिवस मावळायच्या आत वापस आणा म्हणून. इतक्या संध्याकाळींचं साठलेलं होतं. पण ते म्हणाले, "ती माजी एकट्याची न्हाई, दादा. दुसऱ्या टोकाला इचारा."

थोरल्या दिरापुढं तोवर मी तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरला, भिंतीवरून करवत काढली आणि उंबऱ्यापर्यंत घेऊन गेले.

"न्या भावजी," मी म्हटलं. "वापस आणायची घाई न्हाई."

चौथ्या दिवशी भावजींनी ती आणून दिली. सगळे दात कानसून धार लावलेली होती, दोन्ही अंगांनी.