एल्डनची आई बोलायला लागली

माझी सासू व्हर्ना एकोणऐंशीव्या वर्षी माझ्या नवऱ्याशी बोलायला लागली, आणि तेव्हापासून मला तिची किळस यायला लागली. त्याआधी ती मला नुसती आवडत नव्हती.

एल्डन आणि मी, दोघंही जन्माचे बहिरे. तो वर्तमानपत्राच्या छापखान्यात, मी कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. आमच्या रॉचेस्टरमध्ये बहिरे इतके की किराणा दुकानातली पोरगीसुद्धा पिशवी हवी का ते खुणेनेच विचारते. पण एल्डनचं माहेर म्हणा, घर म्हणा, ते पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या एका गावात, आणि त्या घरात हा एकटाच बहिरा. लहानपणी डॉक्टरांनी व्हर्नाला सांगितलं होतं, खुणा शिकवाल तर पोरगा आळशी होईल, तोंडाने बोलणार नाही. तिने ते आयुष्यभर पाळलं. जेवताना त्याने काही सांगायला हात उचलला की त्या हातावर चापटी.

मग हा काय करणार? बघत बसायचा. ओठ वाचणं म्हणजे दहातले तीन शब्द हाती लागतात, बाकीचे पदरचे घालावे लागतात, आणि पदरचे घालण्यात एल्डनचा हात भलताच सढळ. आईचे ओठ दिवसभर चालू. शेगडीपाशी, दोरीवर कपडे वाळत घालताना, चर्चच्या पायऱ्यांवर. भोवतीचे सगळे हसतायत, माना डोलावतायत. हा बहिणीची बाही ओढून विचारायचा, काय म्हणते आई? जॅनिसचं उत्तर ठरलेलं, "काही विशेष नाही, मग सांगते." ते 'मग' बावन्न वर्षांत उजाडलं नाही.

त्यामुळे त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आपली आई फार शहाणी, फार प्रेमळ आणि भयंकर विनोदी बाई आहे. लग्नाआधी मला तिच्याबद्दल इतकं सांगायचा की मी विचारलं, "तुला कसं कळलं?" तर म्हणाला, "दिसतं ना तोंडावर." मी कवळ्या बनवते. तोंडावर काय काय दिसतं ते मला कुणी शिकवायला नको.

मग ते टाइप करायचे फोन आले. पडदा बोटाने ढकलला की गर्रकन फिरतो आणि खाली टाइपरायटरसारख्या बारक्या कळा. ऐकणाऱ्यांची पोरं ते मिरवायला घ्यायची, आम्हाला ते जगायला लागायचे. त्याआधी टाइप करून बोलायचं यंत्र होतं, पण ते घरातल्या टेबलावर. रस्त्यात गाडी बंद पडली की रडत बसा. आता छापखान्यातून निघतानाच एल्डन विचारायचा, दूध आणू का, आणि माझ्या खिशात थरथर व्हायची. आम्हा सगळ्यांना ते एखाद्या सणासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

व्हर्नाने ते टेबलावरचं यंत्र कधी घरात येऊ दिलं नव्हतं. शेजारपाजारचे काय म्हणतील म्हणून. वर्षाला चार पोस्टकार्डं पाठवायची. हवा बरी आहे, नीट वाग, आई. हा फोन मात्र तिला पसंत पडला, कारण तो जॅनिसच्या मुलींकडेही होता, म्हणजे अपंगांचा नव्हता. लग्नाआधी ती हातमोज्यांच्या कारखान्यात टायपिस्ट होती. वाढदिवसाला एल्डनने तिला फोन नेऊन दिला आणि तासाभरात बाईची बोटं अशी चालायला लागली की हा डोळे पुसत घरी आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत असताना तिचा पहिला मेसेज आला. एल्डनने चमचा ठेवला, हात पुसले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं. मग वाचलं.

"एल्डन, तू जेवताना डुकरासारखा आवाज करतोस. लहानपणापासून करतोस. काल केक खाताना सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती."

त्याने फोन माझ्यासमोर धरला. "मी आवाज करतो?"

"मला काय विचारतोस? मी काय ऐकते?" मी म्हटलं.

"आणि तू करतेस का?"

"तिला विचार. ती सांगेल."

आम्हाला हसू आलं खरं, पण पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघंही चोरासारखं सूप पीत होतो. आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर, जिथे ऐकणारं कुत्रंसुद्धा नाही.

आणि मग तो नळ जो सुटला तो सुटला. दिवसाला तीस-तीस मेसेज. सकाळी पोट साफ झालं की नाही, झालं तर कसं झालं. हा टोस्ट तोंडात धरून ते वाचायचा. शेजारच्या पॅलकोविचबाईंचा कुत्रा फाटकाशी काय करतो. नवे पाद्री नाक कोरून हात कुठे पुसतात. जॅनिसचा नवरा कसा बुळा आहे आणि जॅनिसच्या मांड्या कशा सुटल्यात. जो मेला त्याच्याबद्दल, तो कर्माने मेला. ज्याचं लग्न झालं त्याच्याबद्दल, टिकायचं नाही. या सगळ्यात एल्डन कसा आहेस, काय करतोस, हे एकदाही नाही. मला वाचून अंघोळ करावीशी वाटायची.

हेच ती शेगडीपाशी बोलत होती. चर्चच्या पायऱ्यांवर हेच. त्या घरातले हसत होते ते यालाच. आणि हा माझा खुळा लहानपणी स्टुलावर उभा राहून तिच्या ओठांकडे पूजेला आल्यासारखा बघत होता.

शुक्रवारी बहिऱ्यांच्या क्लबात त्याने दोन-चार मेसेज ऑगीला दाखवले. ऑगी त्याचा छापखान्यातला जोडीदार. आमच्यात आडपडदा नसतो, जाड झालास तर जाड झालास असं तोंडावर सांगतात. ऑगीने सगळं वाचलं आणि हात उंच करून, पलीकडच्या टेबलालाही दिसेल असं म्हणाला, "देवाने बावन्न वर्षं तुला या बाईपासून वाचवलं आणि तू स्वतःच्या हाताने तिला फोन नेऊन दिलास? तुझ्याइतका गाढव मी बघितला नाही." सगळे पोट धरून हसले. एल्डनही हसला, पण घरी येताना त्याने गाडीतला दिवा लावलाच नाही. एरवी हात दिसावेत म्हणून दिवा लावून आम्ही पूर्ण रस्ता बोलत असतो.

तिच्या तोंडातली कवळी मी बनवलेली होती. तीन रविवार बसून, दातांचा रंग तिच्या जुन्या फोटोवरून जुळवून. एप्रिलमध्ये मेसेज आला, "तुझ्या बायकोची कवळी टोचते, कचऱ्यात टाकली. बोलताना ती माकडासारखी तोंडं करते, तशीच कवळी केली असणार." हे एल्डनने लपवलं नाही. पण पुढचा मेसेज लपवला, तोही आमच्या घरात, जिथे फोन टेबलावर उघडे पडलेले असतात आणि कुणीही कुणाचा वाचतो. त्याने फोन उशीखाली ठेवला म्हणूनच मी तो काढला.

"तुम्हाला मूल झालं नाही ते एक बरंच झालं. तुमच्यासारखंच निघालं असतं, मग निस्तरत कोण बसलं असतं?"

मला दोनदा दिवस गेले आणि दोनदा गर्भ पडला. ते तिला माहीत होतं. दुसऱ्या वेळी ती हॉस्पिटलात आली होती, माझा हात हातात घेऊन तिने बराच वेळ ओठ हलवले होते. तेव्हा मीही पदरचे शब्द घातले होते. खूप चांगले घातले होते. ते आठवून मला स्वतःचीच शिसारी आली.

मी पाय आपटून एल्डनला उठवलं. "नंबर बंद कर तिचा. आत्ता. नाहीतर मी हा फोन शौचालयात टाकते."

"टाक. नवा आणीन."

"का? काय मिळतं तुला त्यातून?"

त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाला, "मला तिला एक विचारायचंय. तेवढं विचारलं की बंद करतो. शपथ."

काय विचारायचं होतं ते मला माहीत होतं. आमच्या पिढीच्या निम्म्या बहिऱ्यांना आपल्या आईला तेच विचारायचंय. एल्डन पाच वर्षांचा होता. सप्टेंबरात एके सकाळी त्याला नवे बूट घातले, गाडीत मागे बसवलं. आई पुढे, वडिलांच्या शेजारी. सगळा रस्ता त्याला तिच्या टोपीची मागची फीत दिसत होती. त्याला वाटलं सहल आहे. मग एक मोठी इमारत आली, लांबच लांब व्हरांडा, आणि एका माणसाने त्याला काचेच्या पेटीतले मासे दाखवायला नेलं. मासे बघून मागे वळला तर आई-वडील नव्हते. ती बहिऱ्या मुलांची निवासी शाळा होती. शाळा म्हणजे काय, नाताळ म्हणजे किती दिवसांनी, हे कळायला त्याच्याजवळ कुणाचीच भाषा नव्हती. आदल्या दिवशी त्याच्या हातून एक बशी फुटली होती. बशी फोडली म्हणून आपल्याला टाकून दिलं, असंच तो धरून चालला. हिवाळा सुरू होईस्तोवर रोज खिडकीशी उभा राहायचा. मोठा झाल्यावर शाळा कळली, नाताळ कळला, पण ती बशी काही त्याच्या डोक्यातून गेली नाही. अजून आमच्याकडे काही फुटलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो.

रविवारी सकाळी मी धिरडी उलटत होते आणि तो टेबलाशी बसून टाइप करत होता. लिहायचा, पुसायचा. शेवटी लिहिलं, मला दाखवलं. "आई, मला शाळेत सोडलंत तेव्हा आधी सांगितलं का नाही? मला वाटलं तू मला कायमची सोडून गेलीस." मी मान डोलावली. त्याने पाठवलं.

फोन टेबलावर थरथरला तेव्हा पाकाची बाटलीसुद्धा हलली. आम्ही दोघांनी डोकी जवळ आणून वाचलं.

"सांगितलं नाही? काहीतरीच काय. गाडीत दोन तास तेच सांगत होते. शाळा चांगली आहे, नाताळला घरी आणू, रडायचं नाही, रात्री अंथरूण ओलं करायचं नाही, सगळं. तुझ्या बाबांना विचार, माझा घसा बसला होता. तू मान हलवत होतास. दोनदा हसलास."

बाबांना विचार. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी शेगडी बंद केली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "ती पुढे बसली होती. तू मागे. टोपी बोलत होती तुझ्याशी, टोपी. पाच वर्षांच्या बहिऱ्या पोराकडे पाठ करून दोन तास बडबडली, आणि सत्तेचाळीस वर्षांत एकदा तिच्या डोक्यात आलं नाही? मान आपण सगळेच हलवतो. चापटी बसू नये म्हणून हलवतो. अरे, ही बाई आहे का कोण आहे?"

एल्डन माझ्याकडे बघतच नव्हता. तो तोच मेसेज पुन्हा वाचत होता, ओळीवर बोट ठेवून, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खूश होता. पन्नाशीतला माणूस, केस गळलेला, नाक लाल झालेलं, आणि खूश.

"डोरीन," तो म्हणाला, आणि माझ्या नावाची खूण त्याने अगदी हळू, छातीजवळ केली. "दोन तास. दोन तास ती माझ्याशी बोलत होती."

मला त्या क्षणी तिची किळस आली, त्याची आली, त्या फोनचीही आली. मी धिरड्याचा तवा सिंकमध्ये आदळला, ताटल्या आदळल्या, कपाटाचं दार दोनदा आपटलं, आणि ते ऐकायला त्या घरात कुणी नव्हतं.

टेबल पुन्हा थरथरलं. पॅलकोविचबाईंच्या कुत्र्याने आज तिच्या गुलाबांवर काय केलं, ते रंगासकट लिहिलेलं होतं. मी एल्डनसमोर फोनचा पडदा मिटायची खूण केली. शपथ घेतली होती त्याने.

त्याने माझ्याकडे पाठ फिरवली आणि टाइप केलं, "मग तू काय केलंस, आई? सगळं सांग."